तेलवाल्याच्या घरची फणी

घाबरू नका, टोचणार नाही. मी फणी बोलतेय, आणि आता टोचायला दात तरी कुठे उरलेत? रुंद बाजूचे अकरा शिल्लक आहेत. बारीक बाजूचे मोजायचं मी सोडून दिलंय; उगाच मन खट्टू होतं.

मी शिंगाची. कुठल्या जनावराच्या, ते मलाच ठाऊक नाही, म्हणून सोयीनुसार सांगते. प्लॅस्टिकच्या कंगव्यांपुढे मी रानरेड्याची असते. एकदा रंगात येऊन गेंड्याची म्हणाले, तर शेजारचा ब्रश आठवडाभर माझ्याकडे पाठ करून झोपला.

ज्या कारागिराने मला घडवलं, तो बारीक करवतीने एकेक दात पाडायचा आणि दर दातामागे एक शिवी हासडायचा. नव्वद दात, नव्वद शिव्या. मग राखेने घासून त्याने मला असं गुळगुळीत केलं की माशी बसली तर घसरून पडावी. जिभेवर माझा ताबा का नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मला घेतलं एका तेलवाल्याने. डोक्याला लावायचं तेल तो स्वतः करायचा. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या खोलीत मंद आचेवर ठेवलेलं मोठं पातेलं. त्या घरात सगळंच निसटायचं. दाराची कडी निसटायची, पेला निसटायचा. एकदा मांजराने उंदरावर झेप घेतली आणि ते घसरत घसरत थेट शेजाऱ्यांच्या ओट्याखाली पोचलं. उंदीर जागच्या जागी उभा राहून बघत होता. खोटं वाटत असेल तर उंदराला विचारा.

तेलवाल्याला एकच लेक. घरभर गरगरत असायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. फक्त संध्याकाळी ती एका जागी बसायची. दुकान बंद झालं की तेलवाला मागच्या पायरीवर यायचा, ती खालच्या पायरीवर त्याच्या गुडघ्यांमध्ये बसायची, आणि बाप तिच्या डोक्यावर तेल चोळायचा. मग तासभर दोघांनी काहीच करायचं नाही.

"बाबा, झालं का?"

"थांब. मुरू दे."

"मुरू दे" हा त्या घराचा मंत्रच होता. तेल मुरायला हवं, तर बसायला हवं. बसायचं, तर बोलायला हवं. शाळेत कोण कोणाशी भांडलं, बाईंची चप्पल कशी तुटली, सगळं त्या तासात बाहेर यायचं. तास झाला की माझी पाळी. वेणी कमरेपर्यंत. मी वरून निघाले की खाली पोचेपर्यंत मला एक डुलकी लागायची. काय दिवस होते ते!

ती वेणी म्हणजे दुकानाची पाटीच होती. गिऱ्हाईक घुटमळलं की तेलवाला हाक मारायचा, "भिंगरे, जरा ये गं," आणि वेणी गल्ल्यावर पसरायचा. "आमचं तेल. बाकी मी काही बोलत नाही." पुढे अर्धा तास तो बोलत असायचा.

भिंगरी सहावीत गेली त्या वर्षी हे सगळं बिघडलं.

आधी लक्षात आलं तिच्या आईच्या. ती शिवणकाम करायची, त्यामुळे कापडावरचा कण तिच्या नजरेतून सुटत नसे. भिंगरीच्या निळ्या स्वेटरच्या खांद्यांवर पांढरी भुकटी पडली होती.

"अहो, हे काय?"

"पीठ असेल."

"पीठ? ती काय गिरणीत शिकायला जाते?"

तेलवाल्याने केस बाजूला करून पाहिले. टाळूवर पिवळट, चिकट पापुद्रे होते. "टाळू कोरडी पडलीय," तो म्हणाला. "तेल कमी पडतंय." आणि त्याने तेल दुप्पट केलं. दुसऱ्या कोणाच्या घरी हे झालं नसतं. पण ज्या घरात दार कुरकुरलं, पोट दुखलं, भांडण झालं, तरी आधी तेलाची बाटली निघते, तिथे दुसरं काय सुचणार?

मग मला बारीक बाजूने कामाला लावलं. बाप टाळू खरवडायचा आणि मी दर फेरीला कोंडा भरून आणायचे. "बघ, फणीने किती काढला!" असं म्हटलं की माझी छाती फुगायची. फणीला छाती नसते, पण फुगायची. कोंडा वाढत होता आणि मला वाटत होतं, आपण काय काम करतोय! थापा मी पुष्कळ मारते, पण हे खरं सांगते. तिच्या टाळूला ओरखडे पडत होते आणि ते माझ्या दातांचे होते. ती "आई गं" म्हणायची, आणि मी शाबासकीची वाट बघायचे.

शाळेत तिच्या बाकावरची मैत्रीण उठून दुसरीकडे बसली. "लागतं म्हणे," ती म्हणाली. त्याच आठवड्यात दुकानात एकाने दात काढले, "काय हो, तुमच्याच पोरीच्या डोक्यात कोंडा? मग आम्ही तेल कशाला घ्यायचं?" तेलवाला हसला, पण कानापर्यंत लाल झाला. घरात येऊन म्हणाला, "भिंगरे, दुकानात येताना डोक्याला रुमाल बांधत जा."

तिने बांधला. गाठ मारता मारता तिने विचारलं, "बाबा, मी खराब निघालेला माल आहे का?"

तेलवाला काहीतरी शोधायला पातेल्याकडे गेला. पातेल्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

त्या रात्री जेवताना आईने निकाल दिला. "दीड महिन्याने परीक्षा संपेल. तोवर कमी झालं नाही, तर सरळ केस बारीक कापायचे. टाळू दिसली की इलाज तरी होईल." भिंगरीने घास खाली ठेवला आणि वेणी पुढे घेऊन मुठीत धरली, कोणी आत्ताच कापायला आल्यासारखी.

आईने औषधाच्या दुकानातून कोंड्याचा शाम्पू आणला. डोकं धुणं हे बापाचं काम. आणि तेलवाल्याच्या लेखी फेस म्हणजे तेलाचा हाडवैरी. त्याने शाम्पू लावला आणि "डोळे मीट" म्हणेपर्यंत तांब्याभर पाणी ओतून मोकळा! वर लगेच तेल, धुण्याने केस दुखावले असतील म्हणून. दोन आठवडे हेच चाललं. कोंडा हलला नाही.

"फार हट्टी आहे," तेलवाला म्हणाला.

"कोण, कोंडा?" आईने विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवायला लावून तिने बापलेकीला डॉक्टरबाईंकडे नेलं. पुरावा म्हणून मलाही कागदात गुंडाळून घेतलं.

डॉक्टरबाईंनी दिव्याखाली भिंगातून टाळू पाहिली. कानांमागे पाहिलं, भुवयांत पाहिलं. "केस कुठे पुंजक्याने गळलेत? नाही. गोल चट्टे नाहीत. गजकर्ण नाही हे. कोंडाच आहे, पण दमदार." मग भिंगरीकडे वळून म्हणाल्या, "हा कुणाला लागत नाही. आणि तू घाणेरडी आहेस म्हणून झालेला नाही. मैत्रिणीला सांग, डॉक्टरने सांगितलंय म्हणावं."

भिंगरीने हळूच रुमालाची घडी खिशात घातली.

"शाम्पू कसा लावता?"

"लावला की लगेच धुतो," तेलवाला अभिमानाने म्हणाला. "एक क्षण ठेवत नाही. केसांना बाधायला नको."

"आणि तेल?"

"तेल तासभर. मुरायला नको?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तेलाला मुरायला तास, आणि माझ्या औषधाला क्षणसुद्धा नाही? अहो, त्यालाही मुरू द्या की! पाच मिनिटं. आठवड्यातून दोनदा, महिनाभर."

आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेला शब्द तेलवाल्यालाच कोणी ऐकवत होतं.

"टाळूवर एक बारीक बुरशी असते. तुमच्याही आहे, माझ्याही आहे," डॉक्टरबाई समजावू लागल्या. "हिच्या टाळूला ती सोसत नाही. आणि तेल हे त्या बुरशीचं खाणं. तुम्ही रोज संध्याकाळी तिला ताट वाढून देताय."

"म्हणजे माझं तेल वाईट?"

"तेल वाईट नाही. या डोक्याला नको, इतकंच."

मग त्यांनी मला दिव्याजवळ धरलं. "आणि ही बारीक फणी बंद. खरवडलं की टाळू चिडते आणि पापुद्रे आणखी सुटतात. नखंसुद्धा लावायची नाहीत." मला पुन्हा कागदात गुंडाळलं. कागदाच्या आत मी काय केलं ते विचारू नका.

त्या संध्याकाळी भिंगरी सवयीने पायरीवर येऊन बसली. तेलवालाही आला. हात मोकळे. दोघांनाही कळेना की आता करायचं काय. बाप हात चोळत राहिला, लेक अंगठ्याने पायरी उकरत राहिली. डोक्याला हात नाही, तर तोंडातून शब्द निघेना. थोड्या वेळाने ती "अभ्यास आहे" म्हणून उठून गेली. आईला केसांची काळजी होती. मला, खिडकीत पडल्यापडल्या, त्या पायरीची जास्त वाटली.

धुण्याचा दिवस आला. न्हाणीघरात घड्याळ नव्हतं, आणि तेलवाल्याला पाच मिनिटं म्हणजे किती याचा अंदाज तासांत होता. फेस झाला. भिंगरी डोळे घट्ट मिटून बसली.

"बाबा, धू ना. चुरचुरतंय."

"थांब, मुरू दे. एक गोष्ट सांगतो. ती संपली की पाणी." आणि तो सुरू झाला. "एक माणूस होता. त्याच्या दाढीत एकदा चिमणीने घरटं केलं..."

गोष्ट तीन मिनिटांतच संपली. बाहेर आई घड्याळ बघत उभी होती. "अजून दोन मिनिटं!" ती ओरडली. तेव्हा तेलवाल्याने त्या माणसाला बोटीत बसवलं, बोट बुडवली, आणि दाढीचं शीड करून त्याला किनाऱ्याला आणलं. भिंगरी फेसासकट हसत होती. आई म्हणाली, "झाली पाच!" तर लेक म्हणते कशी, "थांब ना आई, चिमणीचं काय झालं?"

थापा मारायला मी कुठे शिकले, ते आता सांगायला नको.

पुढे आठवड्यातून दोनदा तेच. तिसऱ्या आठवड्यात स्वेटर निळाच राहिला. परीक्षा संपली त्या दिवशी आईने कात्री काढली, लेकीला उजेडात बसवलं, टाळू बोटांनी चाचपून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि वेणीची टोकं दोन बोटं तेवढी कापली. "टोकं फाटली होती," ती म्हणाली.

भिंगरी उघड्या डोक्याने दुकानात गेली. एका बाईंनी वेणीला हात लावून विचारलं, "कुठलं तेल लावते हो ही?"

मी खिडकीतून बघत होते. तेलवाल्याने बाटलीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"कुठलंच नाही," तो म्हणाला. "आणि तुमच्या घरी कोणाला कोंडा असेल, तर हे नेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा."

आतून आईचा आवाज आला, "असं दुकान चालवतात होय?" पण ती हसत होती.

कोंडा थंडीत परत डोकावला. तो असाच असतो, जावयासारखा अधूनमधून येतो. आठवड्यातून एकदा शाम्पू चालू राहिला, म्हणजे एकदा गोष्टही.

मी पुन्हा तिच्या केसांत गेले नाही. आई मला घेऊन शालींच्या झालरी विंचरायची, त्यातच दात गेले. तक्रार नाही. एकच विनवणी आहे. तुमच्या घरी एखादं पोर डोकं खाजवत बसलं असेल, तर त्याला खरवडू नका आणि लपवूही नका. औषधाला वेळ द्या, आणि तेवढा वेळ त्याच्याजवळ थांबा.

भिंगरी आता दूरच्या शहरात नोकरी करते. तिचा फोन आला की आई तो उचलते आणि माझ्या शेजारी, खिडकीत ठेवते. तेलवाला खुर्ची ओढून बसतो. पलीकडून आवाज येतो, "बाबा, फेस झाला, सुरू कर." म्हातारपणी त्याच्या गोष्टी फार लांबल्यात. परवा ती ओरडत होती, "बाबा, आवर, मी गारठले इथे!" आणि हा म्हणतो, "थांब, अजून बोट बुडायचीय."

फोन वाजतोय. मी गप्प बसते.