सरलाची पांढरी फुली

खापर गावच्या बाजारात त्या दिवशी मिरच्यांचे ढीग उघडे टाकून बाया लेपवाल्या बाबाकडे पळाल्या होत्या. बाबा बाजेवर बसलेला. कपाळभर शेंदूर, डाव्या हातात सोन्याची जाड अंगठी. लेपाला मात्र तो फक्त उजवा हात लावायचा.

"मुरूम म्हणजे काय, माई? मनातली वासना तोंडावर फुटते! पोर लपवेल, तिची आई लपवेल, पण सोना झूठ नही बोलता!"

असं म्हणून त्यानं समोरच्या पोरीच्या कानातल्या बाळीला राखाडी लेप चोळला. सोन्याची बाळी डोळ्यांदेखत चांदीसारखी पांढरी झाली. बायांनी हात जोडले. पोरीनं मान खाली घातली.

गर्दीत भिकुबाई होती. चार बैलजोड्यांच्या घराची विधवा धनीण, पाटलालाही ओट्याखाली उभं करून बोलणारी. आपल्याला कोण फसवणार, असा तिचा तोरा. सोबत नात सरला, सोळा वर्षांची, गालभर मुरूम. तळोद्याचे पाहुणे तिला बघून, चहा पिऊन गेले ते गेलेच. तेव्हापासून भिकुबाई रोज टोचत होती, "तोंड कशाले फुटनं वं? कोना इचार करी ऱ्हायनी?"

"कोनाच नही, मोठी माय."

बाबानं सरलाच्या नाकातली फुली चोळली. फुली पांढरी पडली.

"ही परत पिवळी होईल तेव्हा पोर शुद्ध झाली समजा. तोवर रोज तोंडाला लेप."

"मोठी माय, मी खरंच काही नही करं."

"गप! सोनं खोटं बोलस का?"

मांडीवर वाढवलेल्या पोरीपेक्षा तिनं गुंजभर सोन्यावर भरवसा ठेवला.

रोज सकाळी भिकुबाई स्वतः सरलाला लेप लावी, फुलीसकट. आठ दिवसांत मुरूम सुकले, तर तिनं शेजारणींना बोलावून दाखवले. पण फुली पांढरीच. म्हणजे पाप मोठं. दुसरी डबी आली, मग तिसरी. महिन्याभरात सरलाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हात असे थरथरत की थापलेली भाकर तव्यावर टाकेपर्यंत तुटायची. मग अंगावर सूज चढली, लघवी बंद झाली. तेव्हा कुठे गाडी जुंपून तिला अक्कलकुव्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, लेप काचेवर पसरला. त्यात बारीक थेंब चकाकत होते.

"आजी, हा पारा आहे. विष आहे. पोरीची मूत्रपिंडं निकामी झालीत."

"मुरूम जावाले पाहिजे व्हतात ना! तिन्हं पाप..."

"कसलं पाप? या वयात कातडीखाली तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. मलाही मुरूम होते, हे वण बघा. मी कोणतं पाप केलं? साध्या साबणानं तोंड धुवायचं, मुरूम फोडायचे नाहीत, फारच झाले तर गंधकाचं मलम लावायचं आणि धीर धरायचा."

"मंग सोनं पांढरं कसं पडनं?"

"ते बाजारातल्या मोतीलाल सोनाराला विचारा. मला पोरीकडे बघू द्या."

सरला पाचव्या दिवशी गेली. त्याआधी तिनं एवढंच विचारलं, "मोठी माय, फुली पिवयी व्हयनी का?"

चितेवर ठेवण्याआधी काढलेली ती फुली घेऊन भिकुबाई मोतीलालकडे गेली. त्यानं बघताक्षणी मान हलवली.

"माय, सोन्याले पारा लागना की ते पांढरं दिसस. मुलाम्याले आमी हाच वापरतस. तुमी रोज लेप लावशात, तं रोज पांढरंच ऱ्हाई. मांगे सरका, धूर वाईट शे."

अंगणात, वारा पाठीशी घेऊन, त्यानं फुली निखाऱ्यावर धरली. हळूहळू ती पिवळी झाली. मळकट, पण पिवळी. तिला घालायला आता नाक नव्हतं.

भिकुबाईनं आपले हात पाहिले. विधवेचे हात, रीतीप्रमाणे रिकामे. याच बोटांनी ती महिनाभर लेप लावत होती. त्या बोटांत सोन्याचं एक वळं असतं, तर तेही पांढरं पडलं असतं, आणि पोर वाचली असती.

पुढच्या बाजारी ती उरलेली डबी घेऊन थेट बाजेपाशी गेली. बाबाचा डावा हात धरून तिनं अंगठीवर लेप घासला. अंगठी पांढरी झाली.

"बोल! तुन्ही वासना कोनती?"

गर्दी हसली. मग माणसांनी बाबाला धरून चौकीत नेलं. भिकुबाई हसली नाही. ती बायांकडे वळली.

"मुरूम व्हयनात तं डॉक्टरकडे जा, बायांहो. कोनी चमत्कार दाखवना, तं आधी त्याच्याच अंगवर करी दखा. मी शाळा शिकेल नही, पारा माले माहीत नव्हता. पन मन्ही पोर रोज सांगे, मी काही नही करं. ते ऐकाले कोनती शाळा लागस?"