झाडूच्या दांड्याने वळवलेली मान

मित्रांनो, मी एक जुना फुगीर आरसा आहे आणि सध्या मला शिसारी आलेली आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्याने गोड बोलायचं असतं, डोळ्यांत पाणी आणायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या डोळ्यांत पाणी नाही. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारा उगाच भडकला.

माझा जन्म बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचा चकचकीत पत्रा तापवला, खालून हवा भरली आणि मला पुरीसारखा टम्म फुगवला. शेजारच्या शेडमध्ये सपाट आरसे बनत. ते कुणाच्या बेडरूममध्ये जाणार, कुणाच्या सलूनमध्ये जाणार, बायका त्यांच्यापुढे उभ्या राहून भांग पाडणार. मलाही तेच वाटत होतं. आरसा झालो म्हणजे कुणीतरी माझ्यात बघून केस नीट करील, एवढीच माझी आशा होती. मग कुणीतरी सांगितलं, बाबा रे, फुगीर आरसे चोर पकडायला असतात. झालं! तिथेच माझा अर्धा जीव गेला.

मी आलो लंडनच्या हॅरो भागात, एका केमिस्टच्या दुकानात. दुकान माधवरावांचं. मूळचे पुण्याचे, शिकलेले फार्मसिस्ट. मराठी माणसाने इंग्लंडात स्वतःचं दुकान चालवलं, याचं सगळ्या मंडळींना कोण कौतुक! बरोबर त्यांची बायको वीणाताई, आणि गल्ल्यावर विनय नावाचा एक तरुण. माधवरावांनी मला मागच्या कोपऱ्यात छताजवळ टांगलं. दुकान चालवताना नवराबायकोला गिऱ्हाइकांबद्दल काही बोलायचं असलं की ती मराठीत बोलायची, म्हणजे गिऱ्हाइकाला कळत नसे. वर टांगल्या टांगल्या मला मात्र कळायला लागलं, आणि तिथून ही शिसारी सुरू झाली.

माझ्या बरोबर खाली मागचं शेल्फ होतं. एका बाजूला फरशी पुसायचे मॉप, दुसऱ्या बाजूला मांजराचं खाणं आणि मधे 'एथनिक हेअर' अशी पाटी. काळ्या बायकांच्या केसांचं सगळं सामान तिथे. कुरळे केस सुटे करायचं क्रीम, शिया बटर नावाचं आफ्रिकेतल्या बियांचं लोणी, एरंडेल, जाड दातांचे कंगवे. सुरुवातीला खोबरेलाच्या बाटल्याही तिथेच होत्या. टॉयलेट क्लीनरचा वास त्या बाटल्यांना लागायचा. पुढच्या बाजूला 'हेअर केअर' अशी मोठी पाटी, दिवे, स्वच्छ काच. तिथलं सामान कुणाच्या केसांचं, हे त्या पाटीवर लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती.

या मागच्या शेल्फपाशी मार्सिया यायची. मेट्रोपॉलिटन या रेल्वे लाइनवरच्या एका स्टेशनात ती काम करायची. ड्यूटी संपली की निळ्या जाकिटातच दुकानात शिरायची. पहिल्यांदा आली तेव्हा एरंडेलाची बाटली उचलली, सहज वर बघितलं, आणि माझ्यात पाहून कपाळावरची सुटलेली बट बोटाने मागे सारली. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! इतकी माणसं माझ्याखालून गेली, पण माझ्यात बघून केस नीट करणारी ती पहिली आणि शेवटची. पुढे तिला मुलगी झाली, नेओमी. चालायला लागल्यावर तीही यायची. मार्सिया तिला उचलून धरायची आणि ती कार्टी माझ्याकडे बघून जीभ काढायची. मी कुणावर जीव लावला असेल तर या दोघींवर.

माधवराव वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. बर्फ पडला की म्हाताऱ्यांची औषधं स्वतः घरी नेऊन द्यायचे. एकदा ते वीणाताईंना घेऊन सेंट्रल लंडनमधल्या एका बड्या दुकानात कोट घ्यायला गेले. तिथला गार्ड सगळा वेळ त्यांच्या मागे मागे फिरत राहिला. परत आल्यावर येईल त्या प्रत्येकाला त्यांनी ती हकीकत ऐकवली. 'आपण काय चोर दिसतो का हो?' असं विचारताना त्यांचा आवाज कापायचा. मला त्यांची फार दया आली होती. ती दया आता परत मागून घ्यावीशी वाटते.

कारण पुढे फॅशन बदलली. शेजारच्या श्रीमंत स्टॅनमोरच्या बायका शिया बटर मागायला लागल्या, गोऱ्या मुली एरंडेल मागायला लागल्या. इथल्या मराठी मंडळातल्या शिल्पाताई एकदा तेल घ्यायला मागच्या शेल्फपाशी आल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, 'अहो माधवराव, आपलं खोबरेल यांच्यात कशाला?' माधवरावांच्या ते मनाला लागलं. त्यांनी दारापाशी लाकडी फळ्यांचं एक नवं शेल्फ केलं, वर कुंडी ठेवली आणि 'नॅचरल' अशी पाटी लावली. खोबरेल, एरंडेल आणि शिया बटर उचलून तिकडे नेलं. बाटल्या त्याच, तेल तेच. फक्त मॉपशेजारून कुंडीशेजारी गेल्याबरोबर ते सोवळ्यात गेलं. मागे उरलं फक्त क्रीम, कंगवे आणि ती पाटी.

एका शनिवारी मार्सिया नेओमीला घेऊन आली. नेओमी तेव्हा सात वर्षांची. नेहमीच्या जागी एरंडेल नाही म्हणून मार्सियाने वीणाताईंना विचारलं, त्यांनी पुढे बोट दाखवलं. मायलेकी पुढच्या शेल्फपाशी गेल्या. मार्सिया एकेका बाटलीवरचं वाचत होती. आपल्या लेकीच्या डोक्याला काय लावायचं, हे कुठलीही आई वाचूनच घेते. त्याच शेल्फपाशी शिल्पाताईही होत्या. त्यांनी शिया बटरच्या नव्या डबीचं झाकण उघडलं, आत दोन बोटं खुपसली, दोन्ही कोपरांना बटर चोळलं, झाकण लावलं आणि डबी परत फळीवर ठेवली. मी फुगीर, मला मागच्या कोपऱ्यातूनही ते अगदी स्वच्छ दिसलं.

माधवरावांना काय दिसलं? त्यांनी आतून झाडू आणला, दांड्याने माझी मान करकर वळवली आणि मला पुढच्या शेल्फवर रोखलं. इतकी वर्षं मी मागच्या शेल्फवर पहारा देत होतो, ती माणसं पुढे आली तर मीही पुढे! वीणाताईंना ते मराठीत म्हणाले, 'यांचं सामान मागे आहे ना? मग इथे काय करतायत?' आणि विनयला इशारा केला. विनय बिचारा मार्सियाशेजारी जाऊन आधीच नीट लावलेल्या बाटल्या परत लावायला लागला. शेवटी माधवराव स्वतः गेले आणि हसून म्हणाले, 'मॅडम, तुमच्या केसांचं सामान मागच्या बाजूला आहे.'

मार्सिया म्हणाली, मला जे हवं आहे ते इथे आहे. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही. माधवरावांनी तिला पर्स उघडायला लावली. दुकानाचा नियम आहे म्हणाले. असला नियम मी त्या दुकानात कधी ऐकला नव्हता. मार्सियाने मुलीसमोर तमाशा नको म्हणून पर्स उघडली. मग माधवरावांची नजर नेओमीच्या कोटाच्या खिशाकडे गेली. तिचा एक हात आत होता. थंडीत पोरांचा हात खिशात नसतो तर कुठे असतो?

'खिशात काय आहे, बेटा?' त्यांनी विचारलं.

नेओमीने आईकडे बघितलं आणि खिसा उलटा केला. एक हातमोजा पडला आणि केसांना लावायची पिवळी क्लिप पडली. दुसरं काही नव्हतं. माधवराव म्हणाले, सहकार्याबद्दल धन्यवाद. शिल्पाताई कोपरं चमकवत गल्ल्याकडे गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी असं उघड्या डोळ्यांनी बघितलं. वर टांगलेल्या वस्तूला ओकता येत नाही, नाहीतर त्याच दिवशी माधवरावांना फरशी पुसावी लागली असती.

मार्सियाने हातातली बाटली फळीवर ठेवली. लेबल समोर येईल अशी नीट ठेवली. मग ती इंग्रजीत, अगदी हळू बोलली. 'तेल कुठल्या फळीवर ठेवायचं ते तुम्ही ठरवा, दुकान तुमचं आहे. पण घरी गेल्यावर ही मला विचारेल, त्या माणसाने माझा खिसा का बघितला? तिला मी काय सांगू, ते मला सांगा.'

माधवराव गल्ल्याकडे वळले. दोघी निघून गेल्या. जाताना मार्सियाने माझ्याकडे वर बघितलं. बट सुटलेली होती, पण तिने हात उचलला नाही. त्यानंतर कित्येक आठवडे ती आली नाही.

मग आर्या आली. आर्या माधवरावांची पुतणी, तिचे आईवडील लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर. लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा वीणाताई तिच्या कुरळ्या केसांवर तेल थापून दोन घट्ट वेण्या घालायच्या आणि 'काय हे जंगल' म्हणायच्या. आता तिने ते जंगल मोकळं सोडलं होतं. नोकरी लागली म्हणून लंडनला आली होती, काकांना चकित करावं म्हणून न कळवता थेट दुकानात आली. पाठीवर बॅग, तोंड शेल्फकडे, हातात एरंडेलाची बाटली. वाचत उभी होती.

माधवरावांनी आतून माझ्यात बघितलं. मान खाली घालून वाचणाऱ्या माणसाचं वरून माझ्यात तोंड दिसत नाही, केस तेवढे दिसतात. ते वीणाताईंना म्हणाले, 'आली बघ आणखी एक. लक्ष ठेव.' आणि तरातरा जाऊन मागून इंग्रजीत म्हणाले, 'जरा बॅग उघडता का?'

आर्या वळली.

माझ्यात सगळीच माणसं लहान दिसतात. त्या दिवशी माधवराव माझ्यात बरोबर त्यांच्या मापाचे दिसले. आधी गोरेमोरे झाले, मग मोठ्याने हसले. 'अगं आर्या! तू होय! मला वाटलं...'

'काय वाटलं, काका?'

वीणाताई धावत आल्या आणि म्हणाल्या, अगं, हे असे केस करून आलीस, कुणाचाही गैरसमज होईल! म्हणजे दोष कुणाचा, तर केसांचा. माधवरावांनी हात जोडले, सॉरी म्हणाले, तुला ओळखलंच नाही म्हणाले, विनयला चॉकलेटचा डबा आणायला पिटाळलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मार्सियाच्या वेळी 'सहकार्याबद्दल धन्यवाद', आणि पुतणीला चॉकलेटचा डबा. विनयने मात्र डबा आणला नाही. तो खाली मान घालून म्हणाला, त्या स्टेशनवाल्या मॅडमना आणि त्यांच्या मुलीलाही सरांनी असंच केलं होतं.

आर्याचं मराठी लीड्सचं. पण त्या दिवशी तिने जे म्हटलं ते मला पुण्याच्या मराठीपेक्षा चांगलं कळलं.

'काका, तुम्ही मला ओळखला नाही, दॅट्स नॉट द प्रॉब्लेम. ओळखला असता, तर बॅग उघडायला नसता सांगितला. दॅट्स द प्रॉब्लेम. मला सॉरी नको. ते बाईला सांगा. आणि तिचा मुलीला.'

एवढं बोलून ती बॅग उचलून बाहेर पडली. त्यांच्या घरी राहायलाही गेली नाही, मैत्रिणीकडे गेली, असं वीणाताई नंतर फोनवर कुणाला तरी रडत सांगत होत्या.

माधवराव चार दिवस धुमसले. मग एका दुपारी कोट घालून स्टेशनवर गेले. तिथे काय बोलले ते मला माहीत नाही. पण त्याच आठवड्यात मार्सिया दुकानात आली, नेओमी बरोबर होती. माधवराव गल्ल्यामागून बाहेर आले, दारापाशी उभे राहिले आणि विनयसमोर, वीणाताईंसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले की माझी चूक झाली, मी तुमचा आणि तुमच्या मुलीचा अपमान केला. आवाज कापत होता. कोटाची हकीकत सांगताना कापायचा तसाच. मार्सियाने ऐकून घेतलं, मान हलवली. मला वाटलं, चला, माझी शिसारी आता जाईल.

माधवराव खाली वाकले. मुद्दाम आणून ठेवलेला केसांच्या रंगीत क्लिपांचा पुडा त्यांनी नेओमीपुढे धरला. 'घे बेटा, तुझ्यासाठी.'

नेओमीने घेतला नाही. तेव्हा माझं लक्ष गेलं. दारातून आत आल्यापासून त्या पोरीने दोन्ही हात पाठीमागे, एकात एक घट्ट धरले होते. शेल्फच्या मधून चालताना अंग चोरून चालली होती, कुठल्याही बाटलीला कोट लागू नये म्हणून. ती हळूच वळली, पाठ माधवरावांकडे केली आणि आपले रिकामे हात त्यांना दाखवले.

'मी कशालाच हात लावला नाही,' ती म्हणाली.

माधवरावांचा हात तसाच पुढे राहिला. मार्सियाने तोंड फिरवलं. त्या दोन गिऱ्हाइकांतल्या एक शिल्पाताई होत्या. त्या कौतुकाने वीणाताईंना मराठीत म्हणाल्या, 'किती शहाणी मुलगी आहे हो! आईने छान वळण लावलंय.'

नेओमीने जाताना माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होतो, पण तिने जीभ काढली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर माधवरावांनी तोच झाडू आणला आणि माझी मान छताकडे करून टाकली. आता मला एक ट्यूबलाइट दिसते आणि तिच्यात मेलेली माशी. धूळ बसते, कुणी पुसत नाही. मित्रांनो, मला पुसा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझं एवढंच मागणं आहे की कधी एखाद्या दुकानात असं हात मागे बांधून चालणारं मूल दिसलं, तर त्याला शहाणं म्हणू नका. त्याचे हात कुणी बांधले, ते आधी शोधा.