गळ्यातला खडावा

फेल्डहोवन या डच गावातल्या मराठी शाळेतून त्या रविवारी अपूर्वा नाचत बाहेर आली. गेल्या आठवड्यात तिच्या गळ्यात लाल दोरीत ओवलेला छोटा लाकडी डच खडावा होता, आज नव्हता.

"मी आर्याला पकडलं. ती टॉयलेटमध्ये डच बोलत होती. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं."

"शाब्बास," तिची आई मृण्मयी म्हणाली आणि सायकलचं कुलूप काढू लागली.

नियम वर्ग घेणाऱ्या विश्वासकाकांचा. शुद्ध मराठी सोडून दुसरं काही बोललं की खडावा गळ्यात. दुसऱ्याला पकडलं की सुटका. वर्ग सुटताना ज्याच्या गळ्यात उरेल, त्याने सगळ्यांच्या खुर्च्या आवरायच्या आणि पुढच्या रविवारी तोच घालून यायचं. अपूर्वाच्या गळ्यात तो पडला होता ओवीमुळे. धुळ्याच्या आजीने शिकवलेली, अहिराणी. 'मन्हा माहेरनी वाट, वाटवर बोरनी सावली.' पोरगी रंगात येऊन गायली आणि काका हसून म्हणाले, "गोड आहे गं, पण हे मराठी नव्हे."

दोघी घरी पोचल्या तेव्हा शेजारच्या मिरेनबाई कुंपणापाशी गुलाब छाटत होत्या. बास्क बाई, साठ वर्षांपूर्वी इथल्या कारखान्यात कामाला आलेली. अपूर्वाने आपला पराक्रम, आईच्या शाब्बासकीसकट, त्यांनाही डचमध्ये सांगितला. बाईंच्या हातातली कात्री थांबली.

"आमच्या शाळेत अंगठी होती," त्या म्हणाल्या. "आमच्या देशात हुकूमशहाचं राज्य, आमच्या बास्क भाषेवर बंदी. बास्क बोललं की अंगठी बोटात, शनिवारी जिच्या बोटात तिला छडी. मास्तरांना कान लावून बसावं लागत नसे. आम्हीच होतो ना. मी माझ्या धाकट्या बहिणीच्या बोटात घातली. ती झोपेत पुटपुटली होती." मग मृण्मयीकडे वळून, "आणि तू हिला शाब्बास म्हणालीस?"

मृण्मयी संतापली. आधी स्वतःवर, मग सगळ्यांवर.

पुढच्या रविवारी ती वर्गात शिरली, ती थेट आर्यापाशी. दोरी तिच्या गळ्यातून काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

"अहो मृण्मयीताई, खेळ आहे तो," विश्वासकाका म्हणाले. "मुलं मराठी बोलायला लागली की नाही?"

"मुलं दाराबाहेर उभी राहून ऐकायला लागली, काका. मन्ही मायनी बोलीला तुम्ही खुर्च्या आवरायला लावलंत. तिकडे हुकूमशहाला पोलीस पोसावे लागत होते, तुमचं काम तर खेळातच झालं."

"हुकूमशहा? धिस इज टू मच हं."

वर्गातल्या जयेशने टाळी वाजवली. "काका इंग्रजी बोलले. पकडा, पकडा."

सगळी पोरं मृण्मयीच्या गळ्याकडे बघू लागली. डोळे कसे लकाकत होते. आपल्याच पोरांचे डोळे, आणि तिला त्यांची भीती वाटली.

"नाही पकडणार," ती म्हणाली. "कोणीच कोणाला पकडणार नाही. हा मी घरी नेतेय, आणि दुसरा आणलात तर तोही नेईन."

काका खुर्च्यांकडे बघत राहिले.

संध्याकाळी धुळ्याहून आजीचा व्हिडिओ कॉल आला. "काय करी राहिनी वं माय?" आजीचा चेहरा पडदाभर फुलला होता.

अपूर्वाने तोंड उघडलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं. दाराबाहेर कोणी नव्हतं.

"मी बरी आहे, आजी," ती हळू आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाली.

मृण्मयी उठली आणि तो खडावा तिने भिंतीवर असा आपटला की दोन तुकडे झाले. अपूर्वा दचकली. पण ओवी काही आली नाही.