पाडव्याच्या आत

नीळकंठरावांना आता कानानं कमी ऐकू येतं, पण वडनेर भोलजीच्या जुन्या बसथांब्याचा विषय निघाला की त्यांची गाडी सुटलीच म्हणून समजा. तेव्हा ते राव नव्हते, नुसते नीळकंठ होते. मोतीराम माळ्याचा मॅट्रिक झालेला पोरगा, आणि बेकार.

महाराष्ट्र नवाकोरा होता. जिल्हा परिषदा निघाल्या होत्या, जिकडेतिकडे जागा भरताहेत अशी हवा होती. कुठं भरताहेत ते मात्र कोणी कोणाला सांगेल तर शपथ. नोकरीचं हाती पडेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, दृष्ट लागते, ही गावाची पक्की समजूत. नागपूरचा पेपर एक दिवस शिळा होऊन नांदुऱ्याच्या वाचनालयात यायचा. ज्याच्या हाती आधी पडे तो जाहिरातीवर कोपर ठेवून ती मनात उतरवून घेई आणि मग पान उलटून शेजाऱ्याला म्हणे, "काही नाही बे आज." सगळे साव, आणि सगळे लबाड. नीळकंठही त्यातलाच. बुलढाण्याला जाऊन नोकरीच्या कचेरीत नाव नोंदवलेलं, मार्कांच्या खऱ्या नकला तयार, पांढऱ्या तावावर सुवाच्य अक्षरात अर्जावर अर्ज चाललेले. आणि कोणी विचारलं की म्हणे, बियाणं पाहायले गेलो होतो.

त्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे गावजोशांचा अनंत. दोघं एकाच बाकावर शिकले, एकाच सालात पास झाले. एरवी एकमेकांच्या ताटातलं खाणारे, पण अर्ज कुठं टाकला हे तेसुद्धा एकमेकांना सांगत नसत. आता बोला.

होळीच्या आधी मोतीरामनं पोराला मळ्यात गाठलं. वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडलं होतं, तिकडेच पाहत तो बोलला.

"हे पाय नीळकंठ. पाडव्याले साल बदलते. जुना सालदार चालला. पाडव्याच्या आत तू लागला कुठं, त मी दुसरा ठेवतो. नाई त मंग सालदाराचं औत तूच धर. दोघाइले पोसाची माही ऐपत नाही."

बाप खोटं बोलत नव्हता. मळ्याच्या कामाची नीळकंठला लाज नव्हती, भाजी खुडतच तो वाढला होता. भीती वेगळीच होती. एकदा सालदाराच्या, वर्षाच्या बोलीवरच्या गड्याच्या, जागी उभं राहिलं की त्या जागेवरून कोणी हलत नाही, हे त्यानं आपल्या थोरल्या चुलतभावात पाहिलं होतं. तोही म्हणाला होता, एकच वर्ष.

अशात बुलढाण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. मंजुळाबाईनं पोराच्या हातावर दही ठेवलं, अंगारा लावला, आणि गल्लीत कोणी आडवं येणार नाही हे पाहून त्याला बाहेर काढलं. नीळकंठ मान खाली घालून थांब्यावर पोचला. बस आली. त्यानं पायरीवर पाय ठेवला आणि मागून आरोळी आली.

"अबे नीळकंठ, कुठं चालला बे? थांब."

नांदुऱ्याकडून अनंत सायकल हाणत येत होता. आता निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही, आणि मागून हाक तर मुळीच मारायची नाही, हे आपल्याकडे रांगतं पोरही जाणतं. या गड्यानं दोन्ही एका दमात उरकलं. तेही जोशाच्या पोरानं. नीळकंठच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागं न पाहता तो आत जाऊन बसला. बस हलली तरी अनंत एका हातानं खुणा करत मागं येतच होता.

"तुमचा मानूस दिसते," कंडक्टर म्हणाला.

"नाई, माहा कोनी नोहे," नीळकंठ म्हणाला.

बुलढाण्याला पोचला तर उमेदवारांची जत्राच भरलेली. नीळकंठचा नंबर लागेस्तोवर ऊन कलंडलं. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, बरं म्हणाले, कळवू म्हणाले. त्या 'कळवू'चा अर्थ त्याला आता पाठ झाला होता. येताना सगळ्या वाटेवर तो मनातल्या मनात अनंतला शिव्या घालत होता.

संध्याकाळी थांब्याजवळच्या पुलाच्या कठड्यावर अनंत बसलेलाच होता.

"तुह्या हाकेनं गेली माही नोकरी," नीळकंठ त्याच्या अंगावर धावून गेला. "कोन्या जन्माचं वैर काढलं बे?"

"झालं बोलून?" अनंत म्हणाला. "उद्या सकाळी नांदुऱ्याच्या जिनात जाय. कापसाच्या काट्यावर कारकून पायजे त्याइले. मॅनेजर शंकररावले सांगून आलो मी, मॅट्रिक झालेलं पोरगं येते म्हनून. आज आला असता त आजच बसला असता."

नीळकंठ कठड्यावर त्याच्या शेजारी टेकला. "तुले कसं कळलं?"

"सायकल पंक्चर झाली जिनासमोर. जुना कारकून वळकटी घेऊन गावाले निघालेला. मी विचारलं त्याले, काहो, कुठं चालले? त त्यानं सांगतलं, सासऱ्यानं दुकान टाकून देल्लं, नोकरी सोडली. सरळ आत गेलो मंग."

"मंग तूच काऊन नाई लागला बे?"

"माहं खामगावले जमून राह्यलं," अनंतनं सायकल उचलली. "हाती पडलं की सांगीन."

झालं. हाती पडेपर्यंत विचारायचं नाही हा गावाचा कायदा, त्यापुढं नीळकंठचं तोंड बंद झालं. दुसऱ्या दिवशी तो जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, गेला. शंकररावांनी त्याचं अक्षर पाहिलं, बेरजा घातल्या आणि तिथंच बसवलं.

पाडव्याला मोतीरामनं दारात गुढी उभारली, नव्या सालदाराला टोपी घातली आणि त्याच्या हाती नारळ ठेवला. नीळकंठ ते उभ्यानं पाहत राहिला. त्या टोपीखाली आपलं डोकं असतं, हे त्याला राहून राहून वाटत होतं. मग मंजुळाबाईनं त्याच्या हाती पेढे दिले आणि जोशांकडे पाठवलं.

अनंतच्या आईनं, सरस्वतीबाईंनी, पेढा देवापुढं ठेवला. नीळकंठला म्हणाल्या, "बाबा, तुमच्या जिनात आमच्या अनंतासाठी काही पाहा ना. वर्ष झालं, पायाला भिंगरी लावून फिरतो, कुठंच जमत नाही."

"खामगावचं?" नीळकंठनं विचारलं.

"खामगावचं काय?" त्या म्हणाल्या.

अनंत परसात रहाटानं पाणी काढत होता. नीळकंठनं त्याच्या हातातला दोर धरला.

"खामगावचं खोटं होतं ना बे?"

अनंतनं आधी घागर काठावर नीट टेकवली. "हाव."

"काऊन?"

"तुले पाडवा होता. मले नोहता. मी बसून राह्यलो त बाबासंगं पूजा सांगाले जातो, दोन घास मिळते. तू अडकला असता त संपलाच असता."

त्या दिवशी, साऱ्या बसदेखत, हा माझा कोणी नाही असं नीळकंठ म्हणाला होता. तो तिथंच विहिरीच्या काठाशी बसला आणि बापाच्या मरणावर रडावं तसा रडला. अनंत म्हणाला, "ऊठ बे, आई पाह्यते."

दिवाळीनंतर कापूस सुरू झाला तशा जिनापुढं बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. कुठकुठली गावं त्या काट्यावर येत. नीळकंठनं लाज गुंडाळून ठेवली. गाडी आली की आधी गाव विचारायचं, मग, "तुमच्याकडं मॅट्रिक झालेल्या पोराले काही हाय का हो? माहा दोस्त हाय," असं म्हणायचं, आणि मगच कापूस तोलायचा. दृष्ट लागेल म्हणून कोणी टोकलं तर म्हणे, लागू द्या. काही गाडीवान हसत. शंकरराव वैतागत. पण माघ लागला तेव्हा वरवट बकालचे उकंडराव नावाचे शेतकरी थांबून म्हणाले, "आमी गावकऱ्यायनं शाळा काढली. मास्तर टिकत नाई. आहे का पोरगं मजबूत?"

"गाडी खाली करून थांबा," नीळकंठ म्हणाला. शंकररावांच्या हातापाया पडून त्यानं सायकल काढली, वडनेर गाठलं, आणि अनंतला डबलसीट बसवून परत आणलं.

वाटेत सगळं ऐकून झाल्यावर अनंत मागून म्हणाला, "त्याइच्या गावातलं कोनी पोरगं बसून असंन त? त्याले गरज असंन त?"

नीळकंठनं सायकल थांबवली. उतरून त्यानं अनंतची कॉलर धरली. "असू दे. या टायमाले तूच जासीन. कोनाचं काही विचारसीन त पाय तोडीन."

उकंडरावांच्या रिकाम्या गाडीत अनंत बसला. गाडी रस्त्याला लागून लहान होईपर्यंत नीळकंठ फाटकात उभा होता. रोजचा दोस्त चालला होता, आणि त्याला आपल्याच हातानं घालवल्याचा आनंद छातीत मावत नव्हता. मागं रांगेतला गाडीवान ओरडला, "ओ बाबू, तोलता का आता?"

"तोलतो," नीळकंठ म्हणाला, आणि काट्याकडं वळला.