देवणी ते नांदेड, न थांबता

जळकोट चार किलोमीटरवर असताना गाडी दुसऱ्यांदा बंद पडली. आचके नाहीत, फटफट नाही. बोलता बोलता माणसाला डुलकी लागावी तशी हळूहळू गप्प झाली. शिवप्पानं ती बाभळीखाली घेतली, स्टँडवर चढवली आणि बायकोला म्हणाला, "उतर. पाच मिन्टं."

पहिल्या वेळीही, उदगीरच्या अलीकडे, तो पाच मिनिटंच म्हणाला होता आणि अर्धा तास लावला होता. नीलम्मानं पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, दगडावर अंथरलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. शिवप्पा मात्र वैतागलेला अजिबात नव्हता. सहासष्ट वर्षांचा हा माणूस पान्यांची पिशवी उघडताना चक्क गुणगुणत होता. गाडी बिघडली की त्याला हुरूप यायचा. देवणीच्या गुरांच्या दवाखान्यात त्यानं चौतीस वर्षं मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून काढली होती, आणि आजारी जनावर दारात आलं की तिथंही त्याची हीच गत व्हायची. डॉक्टर चहा संपवेपर्यंत हा जनावराच्या पोटाला कान लावून मोकळा.

आज मात्र हुरूप जरा जपून वापरायला हवा होता, कारण आज गाडीचा निकाल होता. तीस वर्षांपूर्वी उदगीरच्या एका निवृत्त सैनिकाकडून घेतलेली ही उजव्या पायात गिअर असलेली बुलेट. दर दिवाळीच्या सुट्टीत नवरा-बायको तिच्यावरून निघायचे. बसवकल्याण झालं, कूडलसंगम झालं, श्रीशैल तर तीनदा. लेक पुनम लहानपणी टाकीवर बसूनच मोठी झाली म्हणायची. गेल्या हिवाळ्यात शिवप्पा खडीवरून घसरला, खांद्याचं हाड मोडलं, आणि हीच पुनम गाडीच्या मुळावर उठली. ती नांदेडला असते. तिचा नवरा मल्लेश यानं गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं. एका हॉटेलवाल्याला जुनी बुलेट हवी होती. चालवायला नव्हे, हॉटेलपुढं चौथऱ्यावर शोभेला मांडायला. हे ऐकून शिवप्पाला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

शेवटी बापलेकीत फोनवर ठरलं. देवणीहून नांदेडपर्यंत गाडी वाटेत एकदाही बंद न पडता आली, तर पुनम पुन्हा विषय काढणार नाही. पडली, तर चावी तिच्या हातात द्यायची आणि परत बसनं जायचं.

पहिल्या वेळी प्लग काळा निघाला होता. शिवप्पानं तो घासला, गाडी सुरू झाली, आणि दोष प्लगचा, गाडीचा नव्हे, असा निकाल त्यानं स्वतःच देऊन टाकला. आता त्यानं कार्ब्युरेटरची वाटी खोलून पुसली. तळाशी जरासा गाळ होता. म्हणजे हा दोष पेट्रोलचा. किक मारली, गाडी सुरू झाली. एखाद्या वकिलानंही आपल्या अशिलाला इतकं सांभाळून घेतलं नसतं.

जळकोट मागं टाकलं. बालाघाटाच्या वळणांवर गाडी अशी काही पळायला लागली की शिवप्पानं पाठीमागं ओरडून सांगितलं, आता काय थांबत नाही बघ. वीसएक किलोमीटर झाले आणि ती पुन्हा तशीच गप्प झाली.

या वेळी ना प्लग काळा होता, ना वाटीत गाळ होता. दोष द्यायला कुणी उरलंच नव्हतं. शिवप्पा गाडीपुढं उकिडवा बसला. मुकं जनावर कुठं दुखतं ते सांगत नाही, म्हणून घशापासून शेपटापर्यंत क्रमानं बघत जायचं, हे तो नव्या पोरांना शिकवत आला होता. त्यानं पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपासून सोडवली आणि बोटावर धरली. एक थेंब पडला. दुसरा पडला. मग काहीच नाही. टाकी सकाळीच गळ्यापर्यंत भरलेली, कॉक उघडा, आणि पेट्रोल खाली यायला तयार नाही! त्यानं उठून टाकीचं झाकण सैल केलं. टाकीनं सुस्स करून हवा आत ओढली आणि खाली नळीतून पेट्रोलची धार थेट त्याच्या चपलेवर पडली.

"घावलं!" तो म्हणाला.

पोटफुगी झालेल्या गाईच्या कुशीत सुई घातली की हवा बाहेर पडते. इथं उलटं होतं, गाडीला आत घ्यायला हवा मिळत नव्हती. झाकणाला बारीक छिद्र असतं, त्यातून टाकीत हवा जाते. ते बुजलं की पेट्रोल पंधरा-वीस किलोमीटर वाहतं आणि अडतं. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालू. प्लग निर्दोष, कार्ब्युरेटर निर्दोष, इंजिन तर बावनकशी! शिवप्पानं आनंदानं झाकण उन्हात धरून पाहिलं. छिद्रातून उजेड येत नव्हता. पिशवीतली तार घालून टोकरलं, तर पांढरी भुकटी निघाली. त्यानं ती बोटांत चोळली, आणि त्याचं हसू तिथंच थांबलं.

ती विभूती होती.

नीलम्मा दर सोमवारी गाडीला विभूती लावायची. आधी फक्त पुढच्या दिव्यावर, तीन बोटं. शिवप्पा पडला तेव्हापासून टाकीच्या झाकणावरही लावायला लागली होती, पाण्यात कालवून, चांगली जाड. शिवप्पा रविवारी गाडी धुवायचा, पण झाकणावरचा तेवढा भाग सोडून. विभूती कोण पुसतं? सोमवारमागून सोमवार गेले, थरावर थर चढत गेला. देवणीतल्या देवणीत दोन-तीन किलोमीटर फिरताना काही कळलंच नाही.

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती पाठमोरी बसली होती. या छिद्राचा तिला पत्ता असणं शक्य नव्हतं. हा माणूस लांब जाऊ नये, एवढंच तिनं मागितलं असणार, आणि देवानं ते अगदी शब्दाला शब्द ऐकलं होतं. शिवप्पाला आधी हसू आलं आणि मग गलबलून आलं. सहा महिने ती एकदाही भीती वाटते म्हणाली नव्हती.

"काय करायलाव? काय निघालं?" तिनं मान न वळवता विचारलं.

"कचरा व्हता," शिवप्पा म्हणाला.

झाकण त्यानं तार घालून, फुंकून, पुसून लख्ख केलं. हातावर जमलेली भुकटी मात्र रस्त्यावर टाकवेना. सकाळी घाईत कपाळ कोरंच राहिलं होतं. त्यानं ती कपाळाला लावली आणि किक मारली.

मग गाडी जी सुटली! कंधार आलं आणि गेलं. लोह्यात नीलम्मानं चहाचं विचारलं, पण शिवप्पा चहालासुद्धा थांबायला तयार नव्हता. इंजिनाचा ठोका असा एकसारखा पडत होता की त्याला पुन्हा पस्तिशीत गेल्यासारखं वाटत होतं. हायवेवर त्यानं दोन ट्रक मागं टाकले. सकाळपासून मागची दांडी घट्ट धरून बसलेल्या नीलम्मानं एक हात सोडला आणि त्याच्या मोडून जुळलेल्या खांद्यावर ठेवला.

नांदेडला पुनमनं आवाज दोन गल्ल्या अलीकडूनच ओळखला. ती आणि मल्लेश खाली धावत आले. शिवप्पा दिमाखात उतरला. नीलम्मा उतरली ती तिथंच थबकली. तिनं लख्ख पुसलेलं झाकण पाहिलं, मग नवऱ्याच्या पांढऱ्या कपाळाकडे पाहिलं. त्या कपाळावरच्या विभूतीला पेट्रोलचा वास येत होता.

वर गेल्यावर पाणी पिऊन व्हायच्या आतच पुनमनं विचारलं, कुठं बंद पडली का?

शिवप्पानं तांब्या खाली ठेवला. खरं कारण सांगितलं असतं तर गाडी सुटत होती, पण नीलम्मा अडकत होती. पुनमची बोलणी खाणं सोपं नव्हतं, आणि जावयासमोर तर नकोच. नाहीच पडली म्हणणं त्याला जमलं नसतं.

"तीनदा पडली," तो म्हणाला आणि चावी टेबलावर ठेवली.

मल्लेशनं विचारलं, बिघाड काय होता?

"म्हातारी झाली, दुसरं काय." इंजिनाला हे ऐकू गेलं असतं तर बरं वाटलं नसतं. शिवप्पा खिडकीबाहेर बघत राहिला.

मल्लेश हॉटेलवाल्याला फोन लावायला उठला.

"ठेवा तो फोन," नीलम्मा म्हणाली. जावयाशी ती अशी कधी बोलत नसे. "गाडीला काय बी झालेलं न्हाई. तिच्या झाकणात इभूत अडकली. मी लावलेली. दर सोमवारी. ह्यांनी काढल्यापासून कुठं थांबली न्हाई ती."

मल्लेशनं फोन खाली ठेवला. शिवप्पा बायकोकडे पाहत होता. पुनमनं विचारलं, "अव्वा, तुला भ्या वाटत न्हाई?"

"लई वाटतं," नीलम्मा म्हणाली. "म्हणून तर मागं बसते."

पुनमनं चावी उचलली आणि आईच्या हातात दिली.