सुमितला सांगितलेलं

तपासणीत रश्मीला एचपीव्ही, लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू, निघाला. तिच्या घटस्फोटाला चार वर्षं झाली होती, आता सुमितशी लग्न ठरत होतं. आपल्यापासून त्याला लागण होईल, या काळजीनं तिनं वरवंडच्या हॉटेलात त्याला सगळं सांगितलं.

"पुष्कळांना होतो, बहुतेकदा आपोआप जातो, असं डॉक्टर म्हणाले. पण तुला ठाऊक असावं."

"बरं झालं सांगितलंस," सुमित म्हणाला.

सोमवारी रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्याची चुलतबहीण माया रश्मीच्या शेजारून उठून मागं बसली. रश्मीनं सुमितला फोन लावला.

"म्या फक्त मायाला इचारलं, असल्या बाईशी लगीन करावं का न्हाई," सुमित म्हणाला.

"ते मला विचारायचं होतंस," म्हणत तिनं लग्न मोडलं. पुढच्या तपासणीला ती एकटीच गेली.