दगडालाही कावीळ

परातीतलं पाणी पिवळंजर्द झालं आणि मोहाडीच्या आठवडी बाजारात एकच जयजयकार उठला. "पाहा बापा!" भैय्यालाल महाराज ओरडले. "लिव्हरातून सुटली, नाडीतून उतरली, बोटातून गळली! डाक्टर सुया टोचते, मी नुसता हात धुतो!"

महाराज रोग्याच्या हातांना तळवे चोळत, वरून चुन्याची निवळी ओतत, की पिवळी धार लागे.

आमच्या पुढे शेजारणीचा, सत्यभामेचा, नवरा ईश्वर बसला होता. राइस मिलमधला धडधाकट हमाल, पण आज बसल्या बसल्या पेंगत होता, असंबद्ध बडबडत होता. त्याचा हा तिसरा बाजार.

"झोपून राह्यला ना जी," सत्यभामा म्हणाली.

"कावीळ निघताना झोप येतेच, माय."

माझ्या कडेवर दोन वर्षांची मंदा. डोळे पिवळे, अन्न तोंडात धरेना. तिचाही तिसरा बाजार. पहिल्याच दिवशी मी घरी कुजबुजले होते, "हाताला हळद लावत असतील." सासूबाई हसल्या. "शिकलेली आहेस ना वो? हळदीत चुना पडला तं लाल होते. कुंकू आपण घरीच करतो. पिवळं रायलं म्हणजे कावीळच!"

मी बी.ए. झालेली, तरी मलाही ते क्षणभर पटलं. कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी 'स्पीशस' (specious) हा शब्द शिकवताना बजावलं होतं: उघड खोट्याला हा शब्द लावू नका. ज्याचं रूप हुबेहूब खऱ्याचं, पटतंही चटकन, आणि आत पोकळ, त्यालाच लावा. सासूबाईंचा मुद्दा असाच होता. हळद नव्हती, हे खरं. म्हणून कावीळच, हे कुठून आलं? रंग देणारी दुसरी वस्तू जगात नाहीच का?

आज मंदा रडतही नव्हती. मी हात पुढे केले. "आधी माझे धुवा."

माझे डोळे पांढरेशुभ्र, तरी पाणी पिवळं. गर्दी हबकली. "हिलेबी कावीळ!"

महाराजांनी माझ्याकडे बोट रोखलं. "आईच्या दुधातून लेकीले गेली! हिनंच पोरीले बाधवलं!"

"पाप हाय बाई तुझ्यात," कोणीतरी म्हणालं. सोबत आलेल्या सासूबाईंनी मान खाली घातली.

पण माझं लक्ष महाराजांच्या मांडीखालच्या ओल्या पिशवीकडे होतं. दर रोग्याआधी 'अंगारा' म्हणून ते तिच्यात तळवे दाबत. मी ती ओढून उलटी केली. सालीचे ओले तुकडे पडले.

गर्दीतल्या सोमाजी सुतारानं एक उचलून हुंगला. "हे तं आंब्याची अंतरसाल!"

मी ती साल शेजारच्या कांदेवाल्याच्या वजनाच्या दगडावर घासली आणि वर निवळी ओतली. दगडावरून पिवळी धार लागली.

"दगडालेबी कावीळ झाली!" सोमाजी ओरडला. बाजार खदखदून हसला. त्या हशात महाराजांनी सायकल गाठली.

ईश्वर तसाच पेंगत होता. हलवून पाहिलं, तर उठेना.

एकाच जीपमधून मंदाला आणि त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मंदा सावरली. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते, आणि त्यांच्याच जिवावर हे बुवा नाव कमावतात. ज्याची ओसरत नाही, त्याच्या मोलाच्या आठवड्यांची राख होते. ईश्वरचं पेंगणं ही लिव्हर निकामी झाल्याची खूण होती; तो दुसऱ्या दिवशी गेला.

तेराव्याला मी सत्यभामेकडे गेले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "वहिनी, तुमाले पयल्याच बाजारी शंका आली होती म्हणते तुमच्या सासूबाई. मंग तवाच काहून नाई बोलल्या?"

तेव्हा सासूबाईंची भीती वाटली होती, लोक हसतील असं वाटलं होतं. तिच्या पांढऱ्या कपाळासमोर यातलं एकही कारण तोंडातून निघेना.

म्हणून हे लिहिते आहे. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि शंका आली तर घरात कुजबुजू नका. भर बाजारात, मोठ्यानं, पहिल्याच दिवशी विचारा.